आवाजाची किल्ली

पूर्वी टीव्हीची पेटी घरात आली म्हणजे चित्र आणि आवाज ही दोन्ही भावंडे एकाच छपराखाली नांदत असत. आता चित्राचा पडदा भिंतीला पाठ लावून बसतो, आणि आवाज त्याच्याखाली ठेवलेल्या एका लांबट पेटीतून किंवा खोलीच्या कोपऱ्यांत मांडलेल्या स्पीकरांतून निघतो. ही वाटणी झाल्यापासून अनेक घरांत एक नवी कटकट उत्पन्न झाली आहे. हातात टीव्हीचा रिमोट असतो, बोट आवाजाच्या बटनावर असते, पडद्यावरचा आकडा खाली उतरताना डोळ्यांना दिसतो. परंतु आवाज मात्र तसूभरही हलत नाही. मग स्पीकरचा निराळा रिमोट शोधावयाचा, तो कोठल्या तरी उशीखाली सापडावयाचा, आणि तोवर आतल्या खोलीतले तान्हे मूल जागे झालेले असावयाचे! घरातील तरुण मंडळी यातून वाट काढतात. पण ज्यांच्या दिवसाचा मोठा भाग टीव्हीच्या सोबतीने जातो, ती वृद्ध माणसे या दोन रिमोटांच्या घोळाला कंटाळतात आणि ‘तुमचे तुम्हीच लावून द्या’ असे म्हणून आपल्या हातची सत्ता सोडून देतात.

हा विषय व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर आणण्याइतका मोठा आहे काय, असे कोणी विचारील. आम्हांला तो तसा वाटतो. घरात शिरलेला आवाज लहान करण्याचा अधिकार बोलणाऱ्याकडे असावा की ऐकणाऱ्याकडे, हा प्रश्न या लहानशा बटनामागे उभा आहे. हा अधिकार ऐकणाऱ्याच्या हाती कसा आला, मध्येच तो कसा हरवला आणि पुन्हा कसा मिळवावा लागला, ही हकीकत मोठी उद्बोधक आहे. तीच येथे मांडण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम यंत्राची एक साधी गोष्ट समजून घेऊ. टीव्हीला किंवा रेडिओला मिळणारा ध्वनीचा संकेत मूळचा अत्यंत क्षीण असतो. ध्वनिवर्धक त्याला बळ देतो आणि मग तो स्पीकरचा पडदा हलवू शकतो. आवाज लहानमोठा करण्याचे बटन म्हणजे या वाटेवर बसविलेली नळाची तोटी होय. तोटी ज्या नळाला असेल त्याच नळाचे पाणी ती अडवील. शेजारच्या वाड्यातील नळावर तिचा काही इलाज चालावयाचा नाही. म्हणून दुरून आवाज कमी करावयाचा तर दोन गोष्टी साधल्या पाहिजेत. हुकूम दुरून पोचला पाहिजे, आणि तो योग्य त्या तोटीपाशी पोचला पाहिजे. पुढील सारा इतिहास या दोन गोष्टींचा आहे.

तारेवाचून दूरच्या वस्तूला हुकूम देता येतो, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झाले होते, आणि या कामी आपल्या देशाचाही वाटा आहे. १८९५ च्या सुमारास जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये विद्युत्‌चुंबकीय लहरी भिंतीपलीकडे पाठवून दूरची घंटा वाजविली आणि बंदुकीची दारू उडवून दाखविली. पुढे १८९८ साली न्यूयॉर्क येथे मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील प्रदर्शनात निकोला टेस्ला यांनी पाण्यातील एक लहानशी नौका दुरून, तारेवाचून, हवी तशी वळवून दाखविली. परंतु घंटा वाजविणे आणि नौका वळविणे ही झाली प्रयोगशाळेतील आणि प्रदर्शनातील कामे. घरात बसलेल्या माणसाच्या हाती ही शक्ती येण्यास आणखी चाळीस वर्षे जावी लागली.

ती आली रेडिओच्या निमित्ताने. अमेरिकेतील फिल्को कंपनीने १९३८ मध्ये, म्हणजे १९३९ च्या नमुन्यांबरोबर, ‘मिस्टरी कंट्रोल’ नावाची एक लाकडी पेटी बाजारात आणली. तिच्यावर टेलिफोनसारखी फिरती तबकडी होती. तबकडी फिरवून सोडली म्हणजे ती परत येताना रेडिओ-लहरींचे मोजके ठोके बाहेर पडत. रेडिओतील यंत्रणा ते ठोके मोजी आणि त्यांच्या संख्येवरून कोणते केंद्र लावावयाचे ते ठरवी. याच तबकडीने आवाजही वाढविता किंवा उतरविता येई, आणि त्यासाठी रेडिओच्या पोटात एक छोटी मोटर आवाजाची तोटी खरोखरच फिरवीत असे. पलीकडे जणू एक अदृश्य चाकर बसलेला असून तो धन्याचे बोल ऐकून खुंटी पिळतो आहे, असाच हा प्रकार होता. तथापि ही चैन महागड्या संचांपुरतीच राहिली.

दूरनियंत्रणाला खरी निकड आली ती टीव्हीमुळे. आणि ती निकड आळसापोटी निर्माण झाली असा जो सार्वत्रिक समज आहे, तो अर्धाच खरा आहे. शिकागोच्या झेनिथ कंपनीचे प्रमुख यूजीन मॅकडोनल्ड यांना जाहिरातींचा मनस्वी तिटकारा होता. कार्यक्रमाच्या मध्ये घुसणारा विक्रेत्याचा आवाज प्रेक्षक फार दिवस सहन करणार नाहीत, अशी त्यांची खात्री होती. त्या आवाजाचे तोंड बसल्या जागेवरून बंद करण्याचे साधन आपल्या अभियंत्यांनी शोधावे, असा त्यांचा आग्रह होता. १९५० साली झेनिथने ‘लेझी बोन्स’ म्हणजे ‘आळशी हाडे’ या थट्टेखोर नावाचे पहिले साधन विकावयास काढले. त्याला एक लांब तार होती आणि ती टीव्हीपर्यंत जमिनीवरून जात असे. वाहिनी बदलावी, संच चालू-बंद करावा, एवढेच त्याचे काम. तारेत पाय अडकून माणसे धडपडू लागली, तेव्हा त्याची नवलाई ओसरली. आवाजावर तर त्याची सत्ता नव्हतीच.

ती उणीव हेरून दुसऱ्यांनी त्याच दशकाच्या आरंभी ‘ब्लॅब-ऑफ’ नावाचे एक अगदी साधे साधन टपालाने विकण्यास सुरुवात केली. स्पीकरच्या तारेत जोडावयाची एक लांब वायर आणि तिच्या टोकाला एक कळ, इतकाच त्याचा संसार. जाहिरात लागली की कळ दाबावी. चित्र हालत राही, तोंडे हलत राहात, पण शब्द ऐकू येत नसे. आमच्या विषयाच्या दृष्टीने हे साधन फार महत्त्वाचे आहे. त्याच्या कर्त्याने टीव्हीच्या बाकीच्या यंत्रणेला हातही लावला नाही. आवाज जेथून बाहेर पडतो नेमकी तीच जागा त्याने धरली. आवाजाची किल्ली आवाजाच्या उंबरठ्यावर असते, हे त्याने ओळखले होते.

तारेवाचून हे काम करून दाखविण्याचा मान झेनिथमधील यूजीन पॉली यांच्याकडे जातो. १९५५ साली त्यांनी ‘फ्लॅशमॅटिक’ तयार केला. दिसावयास तो लहान मुलांच्या पिस्तुलासारखा, हिरव्या रंगाचा. प्रत्यक्षात ती प्रकाशाचा नेमका झोत टाकणारी विजेची बत्ती होती. टीव्हीच्या पडद्याच्या चार कोपऱ्यांत चार प्रकाशसंवेदी घट बसविलेले असत. एका कोपऱ्यावर झोत टाकला की संच चालू किंवा बंद होई. दोन कोपरे वाहिनी पुढे-मागे करण्याचे. आणि एक कोपरा आवाज बंद करण्याचा. नको असलेल्या जाहिरातीवर पिस्तूल रोखून तिला गप्प करण्याचे समाधान त्या काळच्या प्रेक्षकाला मिळाले! परंतु सूर्यनारायणाचा प्रकाश कंपनीच्या बत्तीत आणि आपल्यात भेद मानावयास तयार नव्हता. उन्हाची तिरीप पडद्यावर पडली की टीव्ही आपल्या मनाने वाहिन्या बदलू लागे.

मग हे काम रॉबर्ट ॲडलर यांच्याकडे आले. ॲडलर हे मूळचे व्हिएन्नाचे; १९१३ साली त्यांचा जन्म तेथे झाला, तेथल्याच विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी १९३७ मध्ये मिळविली, आणि १९४१ पासून ते झेनिथमध्ये होते. त्यांच्या मंडळींनी रेडिओ-लहरींचा विचार केला आणि सोडून दिला. कारण या लहरी भिंती मानीत नाहीत, आणि एका बिऱ्हाडातील हुकूम शेजारच्या बिऱ्हाडातील टीव्हीने पाळला असता. साध्या आवाजाने हुकूम द्यावा तर तो कानाला त्रासदायक. विक्री-विभागाने आणखी एक अट घातली: हातातील साधनाला बॅटरी नको, कारण बॅटरी संपली म्हणजे गिऱ्हाईक टीव्हीच बिघडला असे समजेल. या सर्व अटींतून ॲडलर यांनी जी वाट काढली ती कोणाही कारागिराला हेवा वाटावा अशी आहे. त्यांनी ॲल्युमिनियमच्या चार कांड्या घेतल्या, प्रत्येकीची लांबी किंचित वेगळी. बटन दाबले की एक लहानशी हातोडी कांडीवर बसे आणि कांडीतून मनुष्याच्या कानाला ऐकू न येणारा उंच नाद निघे. आपल्या तंबोऱ्याची तार जशी आपल्या लांबीनुसार सूर देते, तशीच ही कांडी. फक्त सूर कानापलीकडचा. टीव्ही तो सूर ओळखी आणि हुकूम पाळी. १९५६ साली ‘स्पेस कमांड’ या नावाने हे साधन विकावयास आले. सूर ओळखण्यासाठी संचात आणखी ६ निर्वात नळ्या बसवाव्या लागत आणि त्यामुळे टीव्हीची किंमत सुमारे ३० टक्क्यांनी वाढे. तरीही लोकांनी ते घेतले. पुढे ट्रान्झिस्टर आले, किंमत उतरली, आणि स्वनातीत नादाने हुकूम देण्याची ही पद्धत सुमारे पंचवीस वर्षे टिकली.

या रिमोटला मोजून चारच बटने होती. वाहिनी पुढे, वाहिनी मागे, संच चालू-बंद, आणि चौथे बटन आवाज बंद करण्याचे. ज्या काळी एकेका बटनासाठी एकेक कांडी घडवावी लागे, त्या काळी चारांतील एक जागा शांततेला दिली गेली! यावरून त्या शोधामागचा हेतू स्पष्ट होतो. मॅकडोनल्ड १९५८ साली निवर्तले. पुढे २०१० साली अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा केला आणि डिसेंबर २०१२ पासून जाहिरातीचा आवाज कार्यक्रमाहून मोठा ठेवण्यास तेथे बंदी झाली. म्हणजे जे काम बटनाने आरंभिले होते त्याला अर्ध्या शतकानंतर कायद्याची जोड मिळाली.

सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात आणि ऐंशीच्या दशकात नादाची जागा अवरक्त प्रकाशाने घेतली. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही आणि भिंत ओलांडीत नाही. म्हणून शेजाऱ्याच्या संचाला त्याचा उपद्रव नाही. आता एकेका हुकुमासाठी निराळी कांडी नको. प्रकाशाच्या उघडझापीतून आकड्यांची भाषा बोलता येऊ लागली. फिलिप्स कंपनीची ‘आरसी-५’ ही त्या काळी रूढ झालेली भाषा उदाहरणासाठी घेऊ. तिच्या प्रत्येक हुकुमात १४ खुणा असतात. आरंभाच्या दोन खुणा ‘सावध राहा’ एवढेच सांगतात. तिसरी खूण बटन नव्याने दाबले की दाबूनच धरले आहे ते सांगते. पुढच्या ५ खुणांत पत्ता असतो आणि उरलेल्या ६ खुणांत आज्ञा. आवाज वाढवा ही आज्ञा १६ व्या क्रमांकाची, कमी करा ही १७ व्या क्रमांकाची. टीव्हीचा पत्ता शून्य, तर निराळ्या ध्वनिवर्धकाचा पत्ता १६.

आपल्या घरातील कटकटीचे मूळ येथे सापडते. जुन्या काळी जासुदाने खलिता आणावा आणि वरचा पत्ता पाहून तो दुसऱ्याच सरदाराच्या नावचा निघावा, म्हणजे तो उघडण्याचा प्रश्नच नसे. टीव्हीचा रिमोट जेव्हा ‘आवाज कमी कर’ असे सांगतो, तेव्हा स्पीकरच्या डोळ्यांतही तो प्रकाश पडतो. परंतु पत्ता टीव्हीचा असल्यामुळे स्पीकर स्वस्थ बसतो. आणि जेथे दोन यंत्रे दोन कंपन्यांची, तेथे तर पत्ताच नव्हे, भाषाही निराळी. हुकूम दुरून पोचविण्याची विद्या पुरी झाली. योग्य तोटी मात्र हाताबाहेर गेली.

आपल्याकडे ही अडचण उशिरा आली, कारण टीव्हीच उशिरा आला. दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. रंगीत चित्र १९८२ साली आले. १९८७ मध्ये रविवारी सकाळी ‘रामायण’ लागे, तेव्हा एका घरच्या टीव्हीसमोर सारी आळी बसे. पुष्कळ संचांना त्या वेळी रिमोट नव्हता. आवाजाची खुंटी पेटीवरच असे आणि ती पिळण्याचा मान घरातल्या एखाद्या मुलाकडे असे. मागून कोणी ‘जरा मोठा कर रे’ म्हणावे आणि पुढच्याने तो करावा, अशी ती व्यवस्था होती. पेटी खोल असल्यामुळे तिच्यात बऱ्यापैकी स्पीकर मावे आणि तो समोर तोंड करून बोले. नव्या शतकात पडदे चपटे झाले, तेव्हा स्पीकरला जागा उरली नाही. तो बारीक झाला आणि खाली किंवा मागे तोंड करून पुटपुटू लागला. संवाद कळेनासे झाले म्हणून लोकांनी बाहेरचा स्पीकर आणला. कानामागून आला आणि तिखट झाला, असे या पाहुण्याविषयी म्हणता येईल. कारण घरातील आवाजाची सत्ता त्याने आपल्याकडे घेतली.

बाहेरचा स्पीकर टीव्हीला कोणत्या तारेने जोडला आहे, यावर आता सर्व अवलंबून असते. कानाला लावावयाच्या हेडफोनच्या खोबणीतून तार काढली, तर बहुधा टीव्हीच्या तोटीनंतरचा ध्वनी मिळतो. तेव्हा टीव्हीच्या रिमोटने स्पीकर आपोआप ऐकतो. प्रकाशतंतूची तार जोडली तर प्रकार निराळा होतो. ही तार तोशिबा कंपनीने १९८३ साली आणली. तिच्यातून ध्वनी आकड्यांच्या रूपाने, अत्यंत स्वच्छ असा जातो. पण पुष्कळ संचांत तो ठरावीक पातळीनेच बाहेर पडतो, आणि ती वाट एकेरी असल्यामुळे तिच्यावरून हुकूमही जात नाही आणि उत्तरही येत नाही. ध्वनी उत्तम आणि सत्ता शून्य, अशी ही सोय.

यावर दोन उपाय निघाले. पहिला असा की, रिमोटनेच सर्व भाषा शिकाव्यात. ॲपल कंपनीचे एक संस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी १९८७ साली ‘कोर’ नावाचा असा शिकाऊ रिमोट काढला; दुसऱ्या रिमोटांचे संकेत पाहून तो ते लक्षात ठेवी. आज कित्येक स्पीकर उलट बाजूने हेच करतात. टीव्हीच्या रिमोटची खूण ते शिकून घेतात आणि त्या पत्त्यावरचा हुकूम आपलाच समजून पाळतात. तसे केले तर टीव्हीचा अंतर्गत स्पीकर बंद ठेवावा लागतो, नाहीतर एकाच हुकुमाने दोघेही हालतात.

दुसरा उपाय अधिक मुळाशी जाणारा आहे. यंत्रांनीच आपसांत बोलावे, हा तो उपाय होय. हिताची, मात्सुशिता, फिलिप्स, सोनी, तोशिबा, थॉमसन आणि सिलिकॉन इमेज या कंपन्यांनी मिळून डिसेंबर २००२ मध्ये एचडीएमआय या तारेचे पहिले मानक जाहीर केले. तिच्यात १९ वाहक असतात आणि त्यांतील १३ व्या क्रमांकाचा वाहक केवळ हुकुमांसाठी राखलेला आहे. या पद्धतीला सीईसी म्हणतात. चित्राच्या वाहकांवरून सेकंदाला अब्जावधी खुणा धावत असताना, हा एकटा वाहक सेकंदाला सुमारे ४०० खुणांच्या बैलगाडीच्या चालीने जातो. पण घरातील आज्ञा पोचविण्यास तेवढी चाल पुरते. येथे टीव्हीचा पत्ता शून्य, ध्वनिवर्धकाचा ५. आपण टीव्हीच्या रिमोटवर बटन दाबले की टीव्ही तो हुकूम स्वतः न पाळता ५ या पत्त्यावर पाठवून देतो. स्पीकर आवाज कमी करतो आणि ‘आता इतका झाला’ असे उलट कळवितो, म्हणून पडद्यावर खरा आकडा दिसतो. २००९ साली याच तारेने टीव्हीचा ध्वनी उलट दिशेने स्पीकरकडे नेण्याची ‘आर्क’ ही सोय झाली, आणि २०१७ च्या अखेरच्या सुधारणेत तिची अधिक समर्थ आवृत्ती ‘ई-आर्क’ आली. म्हणजे आता एकाच तारेवरून ध्वनीही जातो आणि त्याची किल्लीही.

मौज अशी की, ही सोय ज्यांच्या घरी आहे त्यांतील पुष्कळांस तिचा पत्ता नसतो. कारण प्रत्येक कंपनीने सीईसीला आपापले बारशाचे नाव ठेवले आहे. सोनीकडे ती ‘ब्राव्हिया सिंक’, सॅमसंगकडे ‘एनीनेट प्लस’, एलजीकडे ‘सिम्पलिंक’, पॅनासॉनिककडे ‘व्हिएरा लिंक’. नावे वेगळी असली तरी देव एकच, हे ओळखून टीव्हीच्या मांडणीच्या पानात ती सोय चालू करावी लागते. तार दोन्ही बाजूंस ‘आर्क’ असे लिहिलेल्या खोबणीतच घालावी लागते. आणि ध्वनी बाहेरच्या स्पीकरने द्यावा, असे टीव्हीला सांगावे लागते. एवढी तीन कामे केली म्हणजे दुसरा रिमोट फडताळात ठेवून देता येतो.

या सर्व हकीकतीतून आम्हांला एक गोष्ट विशेष जाणवते. आवाज मोठा करण्याची साधने वाढतच गेली. तो लहान करण्याची किल्ली मात्र दर वेळी मागाहून, कोणीतरी आग्रह धरल्यावरच आली. पेटीतून आवाज बाहेर गेला तेव्हा किल्ली मागे राहिली, आणि तिला त्याच्यापाशी पोचविण्यास वर्षे लागली. हा धडा घरापुरता नाही. आपल्या देशात ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. त्यांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. २०१० च्या दुरुस्तीप्रमाणे खासगी ध्वनियंत्रणेचा आवाजही घराच्या हद्दीवर त्या मर्यादेहून ५ डेसिबलपेक्षा अधिक असता कामा नये. कायद्याने येथे शेजाऱ्याचा कान मान्य केला आहे. परंतु शेजाऱ्याच्या हाती आपला रिमोट नसतो. त्याच्या वतीने ते बटन आपणच दाबावयाचे असते, आणि ते दाबता यावे म्हणून किल्ली सुलभ असली पाहिजे.

यास्तव आमची सूचना अगदी व्यवहाराची आहे. आपापल्या घरी गेल्यावर टीव्हीमागची तार एकदा पाहावी, वर सांगितलेली तीन कामे करावीत, आणि घरातील वडील माणसाच्या हाती एकच रिमोट देऊन त्यावरील आवाजाचे बटन त्यांना दाखवावे. त्यांनी ते एकदा दाबून पाहावे, आणि आवाज उतरला की रिमोट त्यांच्यापाशीच राहू द्यावा.